गमरे बाई आणि जहाजावरचा डॉक्टर

गमरे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या पेढ्याचा वास घेत होत्या. घणसोलीच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून रुजू होण्याचा माझा पहिला दिवस होता आणि मी रीतीप्रमाणे शिक्षकांच्या खोलीत खोकं घेऊन फिरत होतो. सगळ्यांनी पेढा उचलला, तोंडात टाकला, अभिनंदन म्हटलं. खिडकीपाशी बसलेल्या एका ठेंगण्या, सुती साडीतल्या बाईंनी मात्र पेढा नाकाशी नेला, डोळे मिटले, क्षणभर थांबल्या आणि तो परत खोक्यात ठेवला.

"खवा परवाचा आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "दुकानदारानं तुमचा चेहरा बघून दिला असणार."

दुसऱ्या दिवशी गणिताचे सर आणि व्यायामाचे सर दोघेही रजेवर होते. रजेचं कारण एकच होतं, ते मी इथे लिहीत नाही. मी मुकाट्यानं माझी खुर्ची उचलली आणि गमरे बाईंच्या शेजारी नेऊन ठेवली. ती तिथेच राहिली, त्या निवृत्त होईपर्यंत.

बाईंचं पूर्ण नाव प्रमिला गमरे. मूळ गाव कोकणात, खेडच्या बाजूला. राहायच्या नेरूळला, एकट्या. विषय इतिहास. त्यांचं नाक म्हणजे आमच्या शाळेतलं सर्वांत कडक खातं होतं. डबा उघडला की आधी वास, मग घास. स्वतःच्या हातची भाजी असली तरी हाच नियम. फळा पुसायचं फडकं, मुख्याध्यापकांनी पाठवलेला चहा, नवं परिपत्रक, नवा शिक्षक, सगळ्यांना आधी त्या नाकापुढून जावं लागे. आणि नापसंतीसाठी त्यांच्याकडे एकच अक्षर होतं, 'शी'. पण काय गायकी होती त्यात. आखूड, तुटक 'शी' अन्नासाठी. लांबत लांबत खाली उतरणारी 'शीऽऽ' माणसांसाठी. तिसऱ्या प्रकारात आवाजच नसे, फक्त नाकपुड्या हलत. तो त्यांनी दोघांसाठी राखून ठेवला होता. एक आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि दुसरा रशियाचा झार.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. मेलेल्या झारवर एवढा ताजा राग धरणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. पण बाईंचं ते १९०५ साल म्हणजे आमच्या शाळेतला वार्षिक उत्सव होता. आठवीच्या पुस्तकात १९०५ म्हणजे बंगालची फाळणी. बाई ती नीट शिकवायच्या, परदेशी कापडाच्या होळीपर्यंत आणायच्या, मग पुस्तक मिटून म्हणायच्या, "इकडे कापड जळतंय. आता बघू, त्याच साली रशियात लोकांच्या ताटात काय होतं."

हे अभ्यासक्रमात नव्हतं. परीक्षेला येणार नव्हतं. म्हणूनच पोरं कान टवकारून ऐकत.

मी एकदा विचारलं, "बाई, क्रांती तर सतरा साली झाली. तुम्ही हे फसलेलं पाच साल काय धरून बसलात?"

"सतरा साल म्हणजे लग्नाची पंगत, मास्तर. सगळे नटूनथटून येतात आणि फोटो काढतात. पाच साल म्हणजे मुदपाकखाना. कुणी काय शिजवलंय ते तिथे कळतं."

आणि मग त्या शिजवलेलं दाखवायच्या. आदल्या वर्षापासून जपानशी लढाई चाललेली. झारचं आरमार युरोपच्या थंड समुद्रातून निघून अर्ध्या जगाला वळसा घालून जपानकडे निघालंय. निघताच, घरापासून थोड्या अंतरावर, रात्री काही दिवे दिसले म्हणून त्यांनी तोफा डागल्या. सकाळी कळलं, ते इंग्रज कोळी होते, मासे धरत होते. हे ऐकून एकदा एका मुलीनं, जिचे वडील खाडीवर जाळं टाकायला जात, हात वर केला. "बाई, होरी आन् लढाईचं जहाज, यातला फरक त्यांना दिसला नाय?"

"घाबरलेल्या साहेबाला पाण्यावर जे हलतं ते शत्रूच दिसतं, बाळा," बाई म्हणाल्या आणि लांबलेली 'शीऽऽ' वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली.

त्यानंतर जानेवारीतला तो रविवार. हजारो कामगार बायकापोरांना घेऊन, देवाच्या तसबिरी हातात धरून, अर्ज घेऊन राजवाड्याकडे निघालेत. बापाकडे निघालोय असं समजून. बाप घरीच नाही. घरी आहेत बंदुका. बाई इथे फार बोलत नसत. बर्फावर पडलेल्या तसबिरींचं एक वाक्य सांगत आणि पाणी पीत. आणि वर्षाच्या शेवटी झारनं दिलेली ती संसद. "कसली संसद? ताट दिलं, वाटी दिली, आणि वरून झाकण ठेवून सांगितलं, आम्ही म्हणू तेव्हा उघडायचं. शी."

पण उत्सवाचा गाभा होता जहाजाचा प्रसंग. काळ्या समुद्रातली रशियाची युद्धनौका. खलाशांच्या जेवणासाठी आणलेलं मांस डेकवर टांगलेलं, आणि ते चालतंय. म्हणजे अळ्यांच्या पायांनी चालतंय. खलाशी कुरकुरले तेव्हा कप्तानानं जहाजावरच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं चष्मा लावून मांस पाहिलं आणि सांगितलं, काही नाही, मिठाच्या पाण्यानं धुवा, उत्तम आहे. त्याच मांसाचं सूप झालं. खलाशांनी तोंड लावलं नाही. मग अधिकाऱ्यानं गोळ्या घालण्याची धमकी दिली, आणि मग जहाज खलाशांचं झालं.

बाई हा प्रसंग करून घ्यायच्या. त्यासाठी फ्रिजच्या खोक्यावर मी जहाज रंगवून दिलं होतं. तोफा जरा केळ्यांसारख्या झाल्या होत्या, पण पोरांनी कधी तक्रार केली नाही. बाई घरून एका डब्यात मुद्दाम किडू दिलेला तांदूळ आणायच्या. तो डबा उघडला की पुढचे दोन बाक मागे सरत. एका खुर्चीवर काचा नसलेला चष्मा ठेवलेला असे. तो ज्याला मिळेल तो डॉक्टर.

आणि प्रत्येक पोराला डॉक्टरच व्हायचं असे. खलाशी व्हायला कुणी तयार नसे. खलाशांना नुसतं ओरडायचं असतं. डॉक्टर वाकायचा, डब्यात नाक घालायचा, सरळ व्हायचा आणि म्हणायचा, "निरुपद्रवी आहेत. मिठाच्या पाण्यानं धुतलं की झालं." या वाक्याला वर्ग कोसळायचा. वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच वाक्याला. मी शेजारच्या वर्गात पानाफुलांची नक्षी शिकवत असायचो आणि हशा ऐकून मला कळायचं की डॉक्टर बोलला.

त्या सगळ्या डॉक्टरांत चेतन हा नटसम्राट होता. आठवी ब. किडकिडीत, हुशार, नाकाच्या शेंड्यावर सतत घाम. त्यानं वाकण्याआधी काय केलं, तर चष्मा उचलून कपाळावर ठेवला. म्हणजे दिसायलाच नको. मग डोळे किलकिले करून डब्याकडे पाहिलं आणि ते वाक्य असं गोड म्हटलं की बाई स्वतः टेबल धरून हसल्या. बाईंना तसं हसताना मी एकदाच पाहिलं. पुढे बरीच वर्षं त्या नव्या पोरांना सांगायच्या, "आमच्या चेतनसारखं करा. चष्मा आधी वर."

चेतन पुढे खरोखरच डॉक्टर झाला. गावठाणाला लागून एक नवी इमारत उभी राहिली, तिच्या तळमजल्यावर त्याचा दवाखाना आला. इमारत आमच्या अध्यक्षांची होती. अध्यक्षांनी गाळा दिला, पाठोपाठ संस्थेवर सल्लागार म्हणून घेतलं, आणि वर्षातून एकदा तो मुलांची तपासणी करायला येऊ लागला. आला की आधी बाईंच्या पाया पडायचा. बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि नकळत केसांचा वास घ्यायच्या.

आता तो दिवस.

आमच्या शाळेत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारची खिचडी मिळते. तिचा एक नियम आहे, वाढण्याआधी एका शिक्षकानं ती चाखायची. प्रत्येक वार एकेका शिक्षकाचा. बहुतेक जण चमच्याच्या टोकानं चाखल्यासारखं करतात. बाई मात्र आपल्या गुरुवारी मुलांच्याच ताटात, मुलांएवढी वाढून घेऊन, मुलांच्या रांगेच्या तोंडाशी मांडी घालून बसत. "तपासणाऱ्यानं पोटभर खावं. चमच्याला काय कळतंय?" असं म्हणत.

त्या गुरुवारी शाळेच्या मागे बांधलेल्या नव्या भोजनगृहाचं उद्घाटन होतं. भोजनगृह म्हणजे चार खांब आणि पत्रा. पण फलक मोठा होता, 'सकस आहार, सुदृढ बालक', आणि त्यावर अध्यक्षांचा फोटो बालकांच्या तिप्पट. फोटोग्राफर आला होता. प्रमुख पाहुणे डॉक्टर चेतन. मी रांगोळीत गाजर आणि पालक काढत होतो, तेवढ्यात खिचडी करणारी जनीबाय गावठाणच्या चालीनं भराभर आली आणि थेट बाईंपाशी गेली.

"बाई, जरा येता का? तांदूल बघा. तीन पान्यानं धुतला, तरी वर येतान."

"कोण वर येतंय?"

"या ना तुमी."

मीही गेलो. मोठ्या पातेल्यात खिचडी शिजून तयार होती, पिवळीधमक, वरून कोथिंबीर. जनीबायनं डाव घालून वर काढला. भाताच्या शितांत आणखी काही शितं होती. त्यांना डोकी होती. तांदळाची पोती सुट्टीभर जिन्याखालच्या ओल्या खोलीत, बँडच्या ढोलांमागे पडून होती. त्यांना जाळी धरली होती.

"मोठ्या सरांना दाखवलं मी सकाली," जनीबाय म्हणाली. "ते बोलले, शिजल्यावर कोनाला कलनार हाय? कार्यक्रम हाय ना."

बाईंनी वास घेतला. 'शी' म्हटलं नाही. डाव परत पातेल्यात ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "झाकण ठेव, जनी. मी चाखलेली नाही. म्हणजे वाढायची नाही."

तोवर मुलांच्या रांगा येऊन बसल्या होत्या. या मुलांबद्दल सांगायला हवं. गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी, आईबाप पहाटे कामाला जाणारी ही पोरं. त्यांतल्या निम्म्यांचं ते दिवसाचं पहिलं जेवण. ताटं पुढ्यात घेऊन ती बसली होती आणि पातेलं उघडत नाही म्हणताच चुळबुळ सुरू झाली. बाईंनी सांगितलं, "आज खिचडीत अळ्या आहेत. थोडं थांबा, दुसरं बघतो."

तेव्हा पाचवीतला एक मुलगा अगदी समजुतीनं म्हणाला, "चालतंय बाई. आमी बाजूला काढून खातो."

"घरी बी तसंच काढतो," त्याच्या शेजारचा म्हणाला.

"आई म्हणती, न बघता खाल्लं की काई होत नाई," तिसरी एक.

बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पातेल्यातल्या अळ्या पाहून जो उतरला नव्हता तो आता उतरला.

मुख्याध्यापक देसले सर घामाघूम होऊन आले. "बाई, आज नको. बाहेर गाड्या लागल्यात. दोन घास खातील पोरं फोटोपुरते, मग टाकून देऊ."

"फोटोपुरत्या अळ्या खायच्या?"

"तुम्ही शब्दात पकडू नका. तुमच्या निवृत्तीची फाइल माझ्याच टेबलावरून जायची आहे, जरा विचार करा."

"शीऽऽ," बाई म्हणाल्या. लांबलेली.

आणि अध्यक्ष आले. पांढरे कपडे, अत्तर, मागे फोटोग्राफर, त्यामागे चेतन. देसले सरांनी कानात सांगितलं. अध्यक्ष हसले. अध्यक्ष कधी रागावत नसत, हेच त्यांचं सर्वांत ओंगळ वैशिष्ट्य होतं. "अहो बाई, तुम्ही इतिहासवाल्या. अळीबिळी हा डॉक्टरांचा विषय. आपल्याकडे डॉक्टर आहेत. चेतन, बघ रे, आणि संपव."

आता मी जे सांगतो ते मी रंगवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. रंगवण्याची मला सवय आहे, नाकारत नाही. पण इथे मी रंगांना हात लावलेला नाही.

चेतन पातेल्यापाशी गेला. जनीबायनं झाकण काढलं. चेतननं एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. मग त्यानं डोळ्यांवरचा चष्मा उचलला आणि कपाळावर ठेवला. वाकला. सरळ झाला. आणि म्हणाला, "निरुपद्रवी आहेत. मिठाच्या पाण्यानं..."

पुढचं ऐकूच आलं नाही. आठवीच्या दोन्ही तुकड्या फुटल्या. गेल्याच महिन्यात त्यांचं पाच साल झालं होतं. पोरं ताटांवर थापा मारत हसत होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती. कुणीतरी ओरडलं, "चष्मा वर, चष्मा वर!" ज्यांना काहीच माहीत नव्हतं ती पाचवीची पोरंही हसायला लागली. अध्यक्षही आधी हसले, कार्यक्रमाला हशा आला म्हणून. मग त्यांना कुणी ते हसू परत घ्यायला सांगितल्यासारखं ते आवरलं.

चेतन मात्र तसाच उभा होता. चष्मा कपाळावर. त्याला आठवलं होतं. ते त्याच्या कानांच्या रंगावरून मला दिसलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रांगेतलं एक ताट उचललं, जनीबायच्या हातातला डाव घेतला, भरून खिचडी वाढली आणि ताट पाहुण्यांच्या टेबलावर, फुलांच्या गुच्छाशेजारी ठेवलं. खुर्ची ओढली.

"बस, चेतन. जेव."

"बाई, माझं जेवण झालंय."

"जहाजावरच्या डॉक्टरचंही झालं होतं."

"अरे, खा एक घास आणि मिटव," अध्यक्ष म्हणाले. आवाज तसाच गोड. "मुलांपुढे तमाशा नको."

चेतन बसला. चष्मा खाली आणून डोळ्यांवर घातला, कारण आता तो कपाळावर ठेवणं अशक्य होतं. एव्हाना हसणं थांबलं होतं. सगळ्या रांगा माना उंचावून बघत होत्या. त्यानं घास केला. ओठांपर्यंत नेला. घासातलं एक शीत हललं असावं. हात तिथेच थांबला आणि त्याच्या तोंडून अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच, निघालं, "शी."

"हं," बाई म्हणाल्या. "हे झालं निदान."

खिचडी शाळेमागे खड्डा करून पुरली. पाहुण्यांच्या अल्पोपाहाराची खोकी देसले सरांच्या खोलीत रचून ठेवली होती. ती बाहेर आणण्याचं काम मी आपण होऊन आणि विलक्षण आनंदानं केलं. बाईंनी पहिल्या खोक्यातल्या समोशाचा वास घेतला, तुकडा मोडून खाल्ला, आणि म्हणाल्या, "आजचा आहे. वाटा." कमी पडलं ते जनीबायनं कोपऱ्यावरच्या दुकानातून केळी आणून भागवलं. फोटो निघाला नाही. अध्यक्ष जाताना सगळ्यांना नमस्कार करून गेले. बाईंनाही. शी.

मी भलताच खुशीत होतो. शाळा सुटल्यावर बाईंबरोबर बसस्टॉपकडे चालताना चेतनची, देसले सरांची, अध्यक्षांची, सगळ्यांची नक्कल करून दाखवत होतो. बाई माझ्याकडे न बघता पुढे चालत होत्या.

"बाई, आज तुमचं जहाज जिंकलं की."

"कुठलं जिंकलं, मास्तर? तुम्ही विनोद पाहिलात, मी माझं काम पाहिलं." त्या थांबल्या. "इतकी वर्षं मी पोरांना काय शिकवलं? डॉक्टर व्हायला. सगळ्यांत चांगली भूमिका मी त्याला दिली. टाळी त्याला, हशा त्याला. चष्मा वर कर, हे मीच तर सांगायचे. आणि ज्यांनी ताट सरकवलं ते माझे खलाशी? ते मागे नुसते गोंगाट करत उभे. शी. ही माझ्यासाठी."

त्याच पुढे बोलल्या. बसस्टॉपच्या कडेला उभ्या राहून, येणाऱ्या बसकडे बघत, एखादा पत्ता सांगावा तशा आवाजात.

"माझे आजोबा गावात मेलेली जनावरं ओढायचे. ओढायची, फाडायची आणि त्यातलंच खायचं. ते आमच्या वाट्याला होतं. पिढ्यान्पिढ्या. मग एक दिवस आमच्या वाडीनं बसून ठरवलं, आजपासून ओढणार नाही, खाणार नाही. गावातली मोठी मंडळी आली. म्हणाली, एवढे दिवस गोड लागलं, आता कसली रे घाण वाटते? आजोबा दोन शब्द बोलले. 'आता वाटते.' पुढे वर्षभर कुणी त्यांना काम दिलं नाही, विहिरीकडची वाट बंद केली. पण शब्द तेवढेच. आता वाटते."

बस आली आणि गेली. बाई चढल्या नाहीत.

"तुम्ही विचारायचात ना, हे पाच साल का. पहिल्यांदा त्या जहाजाबद्दल वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर आमच्या वाडीतलं आहे. किळस ही काही श्रीमंतांची चैन नाही, मास्तर. ज्याच्यापुढे काहीही टाकलं तरी तो खातो, त्याच्यापुढे काहीही टाकतात. आणि आज माझ्यासमोर ती पोरं म्हणतात, बाजूला काढून खातो. आजोबांनी वर्षभर उपास काढले ते हे ऐकायला?"

शिक्षा व्हायची ती झाली, आणि ती अध्यक्षांच्या स्वभावाला धरून गोड होती. पुढच्या जूनमध्ये बाईंचा इतिहास काढून घेतला आणि त्यांना 'कार्यानुभव' दिला. कागदाची फुलं, लोकरीचे ससे, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. 'बाईंना आता आराम हवा' असं देसले सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी वेळापत्रकाचा कागद नाकाशी नेला. "शाई ताजी आहे," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, पाच साल संपलं. मी बाईंना ओळखलं नव्हतं. बंगालच्या फाळणीचा धडा दुसऱ्या शिक्षकांनी उरकला त्याच आठवड्यात बाईंनी कार्यानुभवाच्या तासाला आठवीकडून जहाज करवून घेतलं. कागदाचं, बाकांच्या रांगेएवढं. "कार्यानुभवात जहाज करायला कोण अडवतो?" तोफा मी कापून दिल्या. या वेळी तोफांसारख्या जमल्या. मी दाराशी उभा राहून पाहत होतो.

किडलेल्या तांदळाचा डबा आला. बाईंनी सगळ्या वर्गाला डेकवर उभं केलं, एकूणएक पोराला. समोर एक खुर्ची, टेबल, आणि टेबलावर एक वाढलेलं ताट. चष्मा कुठेच नव्हता. पोरांना मोठ्या वर्गातल्यांनी या गमतीबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांची निराशा झाली.

"बाई, डॉक्टर कोण?"

"डॉक्टर येणार नाही."

"का?"

"त्याला जेवायला बोलावलंय."

वर्ग हसला नाही. पोरं त्या रिकाम्या खुर्चीकडे आणि ताटाकडे बघत राहिली. मग बाईंनी डबा उघडून पहिल्या पोराच्या नाकाखाली धरला. "वास घे. काय वाटतं ते मोठ्यानं सांग." पोरगं लाजलं. "मोठ्यानं. तुझ्या आवाजात." एकेकाकडे डबा गेला, आणि एकेका आवाजात 'शी' उमटली. मराठवाड्यातली, कोकणातली, खाडीकाठची, भय्या पोरांची. शेवटच्या बाकापर्यंत पोचेतो शेजारच्या वर्गातले सर धावत आले, कुणाला उलटी झाली का विचारत. नाटक एवढंच होतं. बाईंच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट नाटक, टाळी नाही, हशा नाही. पण त्या ताठ उभ्या होत्या आणि त्यांच्या नाकपुड्या अगदी स्थिर होत्या.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. समारंभात दिलेला नारळ त्यांनी कानाशी हलवला, नाकाशी नेला आणि मला देऊन टाकला. तो खवट निघाला. त्या गावी गेल्या आणि मागच्या थंडीत तिथेच वारल्या.

शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष बोलले. बाईंनी कधी कुणाबद्दल कटुता बाळगली नाही म्हणाले, आदर्श शिक्षिका म्हणाले, रुमालानं डोळ्यांच्या कोरड्या कडा टिपल्या. चहा आणि क्रीमची बिस्किटं होती. चेतन आला होता. तो दाराशी उभा राहिला, शेवटपर्यंत. चहाचा ट्रे त्याच्यासमोर आला तेव्हा त्यानं मान हलवली. दवाखाना त्यानं आता कोपरखैरण्याला हलवला आहे, असं नंतर कळलं. का, ते मी विचारलं नाही.

बाईंचा गुरुवार मी मागून घेतला. आधी मीही चमच्याच्या टोकानं चाखून मोकळा होणाऱ्यांतलाच होतो, पण आता तिथे चमचा चालत नाही. कुठल्या वर्गानं ही प्रथा पाडली कुणास ठाऊक, रांगेतलं एकही पोर माझ्याआधी ताटाला हात लावत नाही. देसले सर याला शिस्त म्हणतात.

गेल्या गुरुवारी पाचवीतली एक नवी मुलगी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, माझं ताट स्वतः घेऊन आली. खिचडी गरम होती, बरी होती. मी मांडी घालून बसलो आणि मुलांशी काहीतरी थट्टा करत हात पुढे केला.

तिनं ताट मागे ओढलं.

"सर, आधी वास."

मी वास घेतला. चांगला आहे म्हणालो.

"आता खा."

मी घास घेतला. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि मी गिळेपर्यंत तिनं माझ्या गळ्यावरची नजर हलवली नाही.